शून्य आलं, पण फ्लॅग हललाच नाही

ताई,
मी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सी आणि पायथॉन बऱ्यापैकी जमतं. या सत्रात असेंब्ली लँग्वेज आणि कॉम्प्युटर आर्किटेक्चर असे दोन विषय एकदम अंगावर आलेत. फळ्यावर सोडवलेला प्रोग्राम कळतो, पण कोरा कागद समोर आला की पहिली ओळच सुचत नाही. म्हणून ८०८५ या प्रोसेसरचे दहा-बारा प्रोग्राम सरळ पाठ केले.
गेल्या प्रॅक्टिकलला हजार बाइटचा ब्लॉक एका जागेवरून दुसऱ्या जागी कॉपी करायचा होता. माझा पाठ केलेला प्रोग्राम दहा बाइटचा. त्यात मोजणीला सी रजिस्टर (प्रोसेसरमधली आठ बिटची जागा) होतं, त्यात हजार मावेना. म्हणून बी आणि सी मिळून होणारी बीसी जोडी घेतली आणि एक रजिस्टर एकने कमी करणाऱ्या डीसीआरच्या जागी जोडी एकने कमी करणारं डीसीएक्स लिहिलं. लॅबमधल्या एका ८०८५ किटवर एकच बाइट कॉपी होऊन प्रोग्राम थांबला. शेजारच्या किटवर तोच प्रोग्राम टाकला, तर ते हँग झालं. सरांनी पाहिलं, हसले आणि म्हणाले, 'का झालं ते शोधून सांग.' आठवडा झाला, सापडलेलं नाही.
मित्र म्हणतात, आता असेंब्ली लिहितं कोण, एआयकडून घे, पाठ कर, पास हो. पाठ करूनच पुढे जाऊ का? शिकायचंच तर जुन्यापुराण्या ८०८५ ऐवजी आर्म किंवा रिस्क-फाइव्ह हे नवे प्रोसेसर शिकू का? आणि याचा पुढे उपयोग काय?
— लूपमध्ये अडकलेला

अरे अडकलेल्या,

सर हसले म्हणून मनाला लावून घेऊ नकोस. या चुकीला हसणारा माणूस बहुतेक वेळा ती चूक स्वतः करून मोकळा झालेला असतो. तुझे तीन प्रश्न घेतेच, पण आधी ते किट का हँग झालं ते बघू. तुझ्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं मला तिथेच सापडतात.

तू लिहिलेला प्रोग्राम साधारण असा असणार:

एलएक्सआय एच, २०००
एलएक्सआय डी, ३०००
एलएक्सआय बी, ०३ई८
पुन्हा: मूव्ह ए, एम
स्टॅक्स डी
आयएनएक्स एच
आयएनएक्स डी
डीसीएक्स बी
जेएनझेड पुन्हा
एचएलटी

एलएक्सआय जोडीत आकडा भरते, मूव्ह एचएलच्या पत्त्यावरचा बाइट ए रजिस्टरमध्ये उचलते, स्टॅक्स तो डीईच्या पत्त्यावर ठेवते, आयएनएक्स जोडी एकने वाढवते, जेएनझेड झीरो फ्लॅग ० असेल तर मागे उडी मारते, एचएलटी थांबवते. सोळाच्या मोजणीतले (हेक्साडेसिमल) ०३ई८ म्हणजे हजार: ३ गुणिले २५६, अधिक २३२. इथवर सगळं बरोबर. आता पेन्सिल घे आणि 'पुन्हा'पासून पुढच्या प्रत्येक सूचनेसमोर लिही, ही झीरो फ्लॅगला (उत्तर शून्य आलं की १ होणाऱ्या बिटला) हात लावते का? मूव्ह लावत नाही. स्टॅक्स नाही. दोन्ही आयएनएक्स नाहीत. आणि डीसीएक्स? तीही नाही. सूचनांच्या तक्त्यात तिच्यापुढे फ्लॅगच्या रकान्यात काहीच नसतं, आणि तो रकाना आपण कोणीच वाचत नाही, कारण परीक्षेत तो विचारत नाहीत.

म्हणजे तुझ्या लूपमध्ये झीरो फ्लॅग बदलणारी एकही सूचना नाही. जेएनझेड तर बिचारी दर फेरीला फ्लॅगकडे बघून निर्णय घेते. तिला दिसतो तो प्रोग्राम सुरू होण्याआधीच कोणीतरी सोडून गेलेला फ्लॅग. पहिल्या किटवर तो १ होता. जेएनझेडला वाटलं, शून्य झालं, चला थांबू. एक बाइट कॉपी झाला आणि काम संपलं. दुसऱ्या किटवर तो ० होता, आणि तो जन्मभर ० च राहणार होता. बीसी हजारवरून शून्यावर आलं, शून्यावरून एफएफएफएफवर गेलं, पुन्हा खाली उतरू लागलं, तरी लूप आपला चालूच. एचएल आणि डीई पुढे पुढे सरकत राहिले, मेमरीच्या शेवटाला पोचले, वळसा घालून ०००० वर आले आणि कधीतरी डीई तुझ्या प्रोग्रामच्याच पत्त्यावर पोचलं. तिथे भलतेच बाइट लिहिले गेले. प्रोसेसरने ते सूचना समजून पाळायला सुरुवात केली, आणि किट हँग.

किती वेळ लागला असेल याला? मोजता येतं, आणि हीच या चिपची मजा आहे. मूव्ह ए, एमला ७ टी-स्टेट (घड्याळाचे ठोके), स्टॅक्सला ७, दोन आयएनएक्सना ६-६, डीसीएक्सला ६, जेएनझेड उडी मारते तेव्हा १०. बेरीज ४२. पूर्ण ६४ किलोबाइटचा वळसा म्हणजे ६५,५३६ फेऱ्या. प्रोसेसर ३ मेगाहर्ट्झवर चालत असेल तर साधारण ०.९२ सेकंद. तू की दाबून बोट उचलेपर्यंत तुझ्या प्रोग्रामने स्वतःलाच खाऊन टाकलेलं होतं.

दुरुस्ती दोन ओळींची आहे. डीसीएक्स बी नंतर 'मूव्ह ए, बी' आणि 'ओआरए सी' लिही, मग जेएनझेड. बी आणि सी या दोघांतला एकही बिट १ असेल तर 'ऑर'चं उत्तर शून्य येत नाही. दोघं पूर्ण रिकामे झाले तरच येतं. ए रजिस्टर यात पुसलं जातं, पण चालतं, कारण पुढच्या फेरीच्या पहिल्याच ओळीत ते नव्याने भरतं. आता एका फेरीला ५० टी-स्टेट, हजार बाइटना जेमतेम १७ मिलिसेकंद.

इतकं सरांना सांगितलंस तरी गुण मिळतील. पण मला तुला याच्या पुढे न्यायचंय. डीसीआर फ्लॅग बदलते आणि डीसीएक्स बदलत नाही, असं का? डिझाइन करणारे विसरले का?

तुझं दुसरं पुस्तक उघड, आर्किटेक्चरचं. ८०८५ ची अंतर्गत रचना दाखवणारी आकृती काढ, जी तू परीक्षेसाठी चौकोन-बाण करून पाठ करणार आहेस तीच. एका बाजूला एएलयू, म्हणजे बेरीज-वजाबाकी आणि तुलना करणारा भाग, दिसेल, ८ बिटचं, आणि त्याला चिकटलेला फ्लॅगचा चौकोन. दुसरीकडे रजिस्टरांची रांग. त्या रांगेच्या तळाशी एक पट्टी असते, 'इन्क्रिमेंटर-डिक्रिमेंटर ॲड्रेस लॅच', १६ बिटची. पुढच्या सूचनेचा पत्ता ठेवणारा प्रोग्राम काउंटर दर सूचनेला पुढे सरकतो तो हिच्यामुळे, स्टॅक पॉइंटर वरखाली होतो तोही हिच्यामुळे. आयएनएक्स आणि डीसीएक्सचं कामही हीच पट्टी उरकते. एएलयूकडे ते काम जातच नाही. आणि फ्लॅगच्या तारा तर एएलयूला जोडलेल्या. मग बीसीमध्ये शून्य आलं हे फ्लॅगला सांगणार कोण? डीसीआरचं काम मात्र एएलयूमधून होतं, म्हणून तिथे फ्लॅग हलतो.

बघ, तक्त्यातला जो विचित्र अपवाद तू नाइलाजाने पाठ केला असतास, तो आकृतीतली एक तार निघाला. तुझ्या वेळापत्रकात हे दोन विषय आहेत, वह्या दोन, मास्तर दोन. प्रत्यक्षात विषय एकच आहे. असेंब्लीचा तास म्हणजे त्या आकृतीवरून बोट फिरवणं. ज्या दिवशी मला हे कळलं त्या दिवशी माझं पाठांतर निम्म्यावर आलं, आणि तो दिवस यायला मला दीड सत्र लागलं होतं, हेही सांगून टाकते.

आता तुझा पहिला प्रश्न, पाठ करण्याचा. सूचनांची नावं, रजिस्टरं, कोण कोणाच्या जोडीला, हे पाठ लागतंच. बाराखडी कोणाला चुकलीय? पण प्रोग्राम पाठ करू नकोस. पाठ केलेला प्रोग्राम आकडा बदलला की मोडतो, हे तुला आता वेगळं सांगायला नको.

मी स्वतः हीच वाट तुडवलेली आहे. दुसऱ्या वर्षाला माझं जर्नल असं सुबक होतं की वर्गातल्या मुली उतरवायला न्यायच्या. प्रॅक्टिकलला दहा आकडे चढत्या क्रमाने लावायचे होते. मोजणीत मी झोकात १० टाकले. किट सगळं हेक्साडेसिमलमध्ये घेतं, म्हणजे मी १६ आकडे लावायला सांगितले होते. माझ्या दहा आकड्यांच्या शेजारी मेमरीत जो काही कचरा पडला होता त्यातले सहा बाइट येऊन रांगेत बसले. परीक्षक बाईंनी विचारलं, 'तू भरलेल्या आकड्यांत हा ०० होता का?' मी म्हटलं, 'असेल.' त्यानंतर त्यांनी काही विचारलं नाही. ते जास्त लागलं.

त्यानंतर एका सीनिअरने मला जी सवय लावली ती तुला देते. कंटाळवाणी आहे, पण दुसरा उपाय मला आजवर सापडलेला नाही. एक तक्ता आख. पहिल्या रकान्यात सूचना, पुढे ए, बी, सी, डी, ई, एच, एल, आणि शेवटी झीरो आणि कॅरी हे दोन फ्लॅग. प्रोग्राम सिम्युलेटरमध्ये टाक, पण चालवू नकोस. पहिल्या सूचनेनंतर प्रत्येक रकान्यात काय असेल ते पेन्सिलीने लिही. मग एकच पाऊल पुढे टाक, सिंगल स्टेप. स्क्रीनवर काय आलं ते बघ. जुळलं तर पुढे. नाही जुळलं तर तिथेच थांब आणि त्या एका रकान्यापायी लागेल तेवढा वेळ घाल. पुढे जाऊन मग बघू, असं अजिबात नको. जिथे तुझी पेन्सिल आणि मशीन यांचं पटत नाही तेवढाच तुझा खरा अभ्यास, बाकी तुला येतंच आहे.

तुझा ब्लॉक कॉपीचा प्रोग्राम या तक्त्यातून गेला असता तर पहिल्याच फेरीत, डीसीएक्सच्या ओळीला, तू झीरोच्या रकान्यात ० लिहिलं असतंस आणि पहिल्या किटने १ दाखवला असता. आठवडाभराचं कोडं पाच मिनिटांत. तेही हजार बाइट न फिरवता. मोजणी ३ ठेव, तीन फेऱ्या हाताने कर, पुरे. असे पाच-सहा प्रोग्राम केलेस की पाठ केलेले बारा तू आपोआप विसरशील.

आणि कोऱ्या कागदाची भीती. पहिली ओळ सुचत नाही, कारण तू पहिली ओळच आधी लिहायला जातोस. आधी वाटप कर. सी भाषेत तू हवी तेवढी व्हेरिएबल्स घेतोस आणि ती कुठे राहतात ते कंपायलर बघतो. इथे घरमालक तू आहेस आणि खोल्या सात. मूळ जागेचा पत्ता कोणाकडे? एचएलकडे, कारण 'एम' म्हणजे एचएल दाखवेल ती जागा, आणि सगळ्यात जास्त सूचना त्यालाच ओळखतात. नवीन जागेचा पत्ता डीईकडे. मोजणी बीसीकडे. ए कोणालाही कायमचं द्यायचं नाही, तो उंबरठा आहे, सगळ्यांची ये-जा तिथूनच. हे चार ओळींत लिही, त्याखाली काम साध्या मराठीत लिही, 'इथून उचल, तिथे ठेव, दोन्ही पत्ते पुढे सरकव, एक कमी कर, उरलं असेल तर परत'. मग त्या प्रत्येक तुकड्याखाली सूचना टाकायच्या. प्रोग्राम सुचावा लागत नाही, तो उतरतो.

खोल्या कमी पडल्या तर? तेव्हाच स्टॅक, म्हणजे मेमरीतली एकावर एक रचून ठेवायची जागा; तिचं टोक स्टॅक पॉइंटर दाखवतो. पुश करून ठेव, काम झालं की पॉप. एकच काळजी घे: सबरूटीनमध्ये जितके पुश तितके पॉप. कॉल करताना परतीचा पत्ता त्याच स्टॅकवर ठेवलेला असतो. एक पॉप कमी पडला की परत नेणारी आरईटी सूचना तुझा डेटा उचलते आणि त्यालाच पत्ता समजून तिकडे निघून जाते. हे एकदा तक्त्यात करून बघ, स्टॅक पॉइंटरचा रकाना वाढवून. पुढे कोणी बफर ओव्हरफ्लोबद्दल (जागेत मावणार नाही इतका डेटा घुसवण्याबद्दल) बोललं तर तुला नव्याने शिकावं लागणार नाही; तिथे परतीचा पत्ता चुकून नाही, मुद्दाम बदललेला असतो, एवढाच फरक. १९८८ च्या मॉरिस वर्म या स्वतःच पसरणाऱ्या प्रोग्रामने इंटरनेटवरच्या मशीनमध्ये शिरायला जे रस्ते वापरले त्यातला एक हाच होता.

आर्किटेक्चरच्या बाजूने एवढंच कर: एक सूचना घे आणि ती घड्याळाच्या ठोक्याठोक्याने सोडव. स्टॅक्स डी चांगली आहे. ७ टी-स्टेट का? पहिले चार सूचना आणण्यात आणि ओळखण्यात जातात. प्रोग्राम काउंटरमधला पत्ता बाहेर निघतो, एएलई सिग्नल पत्त्याचा खालचा अर्धा भाग लॅचमध्ये पकडून ठेवतो कारण त्याच आठ तारांवरून पुढे डेटा यायचाय, मग रीडचा सिग्नल, मग मेमरीतून १२ हा बाइट येतो, मग तो ओळखला जातो. उरलेल्या तीन टी-स्टेटमध्ये डीईमधला पत्ता बाहेर, ए रजिस्टरमधला बाइट डेटा बसवर, राइटचा सिग्नल, संपलं. ४ अधिक ३. टायमिंग डायग्राम नावाची ती भीतिदायक आकृती म्हणजे याच गोष्टीचं चित्र. अशा तीन सूचना सोडवल्यास की चौथीचे टी-स्टेट तू न बघता सांगशील.

८०८५ की आर्म की रिस्क-फाइव्ह? सध्या जे समोर आहे तेच. ८०८५ १९७६ ची आहे, सुमारे ६,५०० ट्रान्झिस्टरची, २४६ ऑपकोडची (सूचनांच्या संकेतांची). जुनी आहे म्हणून नाही, लहान आहे म्हणून ती शिक. अख्खी चिप एका माणसाच्या डोक्यात मावते, असं आजच्या कुठल्याही लॅपटॉपच्या प्रोसेसरबद्दल म्हणता येत नाही. तिथे मी तुला टी-स्टेट मोजायला सांगूच शकले नसते. कॅश (प्रोसेसरजवळची छोटी, वेगवान मेमरी), पाइपलाइन (अनेक सूचना एकाच वेळी टप्प्याटप्प्याने पुढे नेणं) आणि पुढची उडी आधीच ओळखण्याची यंत्रणा यांमुळे एकाच सूचनेला दर वेळी वेगळा वेळ लागतो.

पण सुट्टीत दुसऱ्या प्रोसेसरकडे जरूर बघ, आणि हाच तुझा प्रोग्राम घेऊन जा. फार काही शिकवून जातो तो. ८०८६, १९७८ ची, तिच्यात एएलयू १६ बिटचं झालं, त्यामुळे १६ बिटचं रजिस्टर एकने कमी केलं की झीरो फ्लॅग हलतो; तुझा चुकीचा प्रोग्राम तिथे बरोबर चालला असता! शिवाय सीएक्समध्ये मोजणी, एसआय-डीआयमध्ये पत्ते ठेवून 'रेप मूव्हएसबी' म्हटलं की सगळी कॉपी एका ओळीत. आर्ममध्ये तर निवड तुझ्यावर सोडलीय: सूचनेला 'एस' जोडलास तर फ्लॅग बदलेल, नाही जोडलास तर नाही. आणि रिस्क-फाइव्हवाल्यांनी २०१० मध्ये बर्कलीला कोऱ्या पाटीवर सुरुवात केली तेव्हा फ्लॅगच ठेवले नाहीत. तिथे शाखा फुटण्याची सूचना स्वतःच दोन रजिस्टरं ताडून बघते, आणि एक्स-शून्य नावाचं रजिस्टर कायम शून्यच असतं, त्याच्याशी तुलना केली की झालं. त्यांच्या ३२ बिटच्या मूळ संचात फक्त ४० सूचना आहेत. चारही ठिकाणी प्रश्न एकच, 'मोजणी संपली हे कळवायचं कोणी?', आणि उत्तरं चार. ८०८५ नीट कळली नसेल तर यातलं एकही उत्तर का तसं आहे ते कळणार नाही.

एआयबद्दल थोडक्यात. तुझ्या तक्त्यातली न जुळलेली ओळ त्याला दाखव आणि कारण विचार, ते चांगलं समजावतं. प्रोग्राम मागू नकोस. मी गंमत म्हणून मागून पाहिले आहेत. ८०८५ आणि ८०८६ च्या सूचनांची बेमालूम खिचडी मला एकापेक्षा जास्त वेळा मिळालीय, आणि ती खिचडी ओळखायला लागणारं ज्ञान नेमकं तेच, जे टाळण्यासाठी तू एआयकडे गेलेला असतोस.

उपयोग. मित्र अर्धं खरं सांगतायत. असेंब्ली लिहिण्याची वेळ फार थोड्यांवर येते. ऑपरेटिंग सिस्टिमचा कोपरा, लहान मायक्रोकंट्रोलर, व्हिडिओ उलगडणारा कोड, एवढंच. वाचण्याची वेळ मात्र येते, आणि ती नेमकी सगळं अडलेलं असताना येते. आजच एक कर. सीमध्ये १ ते 'एन' बेरजेचा साधा लूप लिही आणि कंपायलरला त्याचं असेंब्ली बाहेर काढायला सांग, एकदा ऑप्टिमायझेशनशिवाय, एकदा दुसऱ्या पातळीच्या ऑप्टिमायझेशनने. क्लँग हा कंपायलर वापरत असशील तर दुसऱ्या वेळी लूपच गायब झालेला दिसेल. तुझा लूप ओळखून त्याने शाळेतलं बेरजेचं सूत्र बसवलेलं असतं. दहाने भागाकार लिहिलास तर बहुधा भागाकाराची सूचनाच दिसणार नाही, तिच्या जागी एक गुणाकार आणि शिफ्ट. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा कोणीतरी माझी वही चोरून तपासतंय असं वाटलं होतं.

दुसरं उदाहरण तुझ्या डीएसएच्या (डेटा स्ट्रक्चर्स आणि अल्गोरिदमच्या) तासातलं. ८ बिटमध्ये २०० आणि १०० मिळव: उत्तर ४४ आणि कॅरी (आठ बिटबाहेर गेलेला हातचा) १. कॅरी बघितलास तर चूक पकडली गेली. आता १०० आणि १०० मिळव: उत्तर २००, कॅरी ०, सगळं छान. पण तेच आकडे चिन्हासह वाचायचे असतील तर तो २०० नाही, उणे ५६ आहे. दोन धन संख्या मिळवून ऋण उत्तर, आणि कॅरी गप्प. कॅरी आणि ओव्हरफ्लो या दोन वेगळ्या तक्रारी आहेत हे असेंब्लीत हाताने केल्याशिवाय पटत नाही. आणि हीच चूक जावाच्या लायब्ररीतल्या बायनरी सर्चमध्ये (क्रमाने लावलेली यादी अर्धी-अर्धी करत शोधण्यात) सुमारे नऊ वर्षं बसून होती, २००६ मध्ये ती चव्हाट्यावर आली. मधली जागा काढायला खालचा आणि वरचा इंडेक्स मिळवून दोनने भागायचे. बेरीज २,१४,७४,८३,६४७ च्या वर गेली की ऋण. तूही बायनरी सर्च असाच लिहिला असशील. जाऊन बघ.

तिसरं, कॅश. ४०९६ बाय ४०९६ चा इंटिजरचा अ‍ॅरे घे, सीमध्ये. एकदा ओळीओळीने बेरीज कर, एकदा स्तंभास्तंभाने, आणि वेळ मोज. बेरजा तितक्याच, उत्तर तेच, आणि दुसऱ्याला कितीतरी पट जास्त वेळ. मेमरीतून माल सुटा येत नाही. बहुतेक प्रोसेसरवर एका खेपेला ६४ बाइट येतात, म्हणजे १६ इंटिजर. ओळीने गेलास तर सोळाही वापरतोस. स्तंभाने गेलास तर एक वापरून पंधरा टाकून देतोस आणि पुढच्या खेपेला पुन्हा तेच. या फरकाचा पायथॉनच्या किंवा सीच्या पुस्तकात मागमूस नसतो.

राहता राहिलं ते परीक्षेचं. अंतर्गत रचनेची आकृती, फ्लॅगचा रकाना आणि टायमिंग डायग्राम एवढं हातातून गेलेलं असलं की बाकीचा पेपर सुटतो. ॲड्रेसिंग मोडच्या व्याख्या मात्र पाठच कर, त्याला इलाज नाही, आणि त्यात अर्थ शोधत बसू नकोस.

सरांकडे जाशील तेव्हा ती आकृती घेऊन जा आणि इन्क्रिमेंटरच्या पट्टीवर बोट ठेवून बोल. आणि त्याआधी एक काम. तुझा दुरुस्त केलेला प्रोग्राम घे, मूळ ब्लॉक २००० वरच राहू दे, पण कॉपी ३००० वर न करता २००ए वर कर, म्हणजे फक्त दहा घरं पुढे. फ्लॅग आता ठीक आहे, मोजणी ठीक आहे, प्रोग्राम वेळेवर थांबेल. तरीही कॉपी चुकेल. सिम्युलेटर सुरू करण्याआधी अकराव्या फेरीला ए रजिस्टरमध्ये काय येईल ते पेन्सिलीने लिही, मग चालव. दुरुस्तीला एकही जास्तीची सूचना लूपमध्ये लागत नाही, फक्त दोन बदलाव्या लागतात आणि सुरुवातीचे दोन पत्ते. जमलं की सीमध्ये मेमरी कॉपी करणारी मेमकॉपी आणि मेममूव्ह अशी दोन वेगळी फंक्शनं का आहेत ते मला लिहून पाठव.

— ताई